सोळा जीबी कशासाठी?

आमच्या कोर्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा एकदा धुमश्चक्री झाली. एका कोर्समेटनं साधा प्रश्न टाकला होता, "मुलासाठी कॉम्प्युटर घेतोय. ग्राफिक्स कार्ड आठ जीबीचं घेऊ, की जादा पैसे भरून सोळाचं?" दहा मिनिटांत चौदा उत्तरं आली. त्यातली बारा म्हणाली, सोळा. कारण सगळ्यांचं एकच: "एकदाच घ्यायचं तर मोठंच घे. पुढे लागेल." मुलगा त्या कॉम्प्युटरवर करणार काय आहे, हे चौदा जणांपैकी एकानंही विचारलं नाही.

आम्ही सगळे खडकवासल्याचे. युद्धाच्या तत्त्वांच्या यादीत पहिलं तत्त्व कुठलं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी आम्ही सांगू: उद्दिष्ट निवडणं आणि त्यावर ठाम राहणं. वीस-पंचवीस वर्षं हे आम्ही दुसऱ्यांना शिकवत आलो. दुकानाची पायरी चढली, की नेमकं तेच विसरतो. मीही विसरलो आहे, तेही पुढे सांगतोच.

माझं म्हणणं आधीच मांडतो, म्हणजे ज्यांना भांडायचं आहे त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. ज्या कामाचं नाव तुम्हाला सांगता येत नाही, त्या कामासाठी ग्राफिक्स मेमरीवर एक रुपयाही जादा देऊ नका. आणि कामाचं नाव सांगता येत असेल, मोजून दाखवता येत असेल, तर खळखळ न करता द्या.

दोन वर्षांपूर्वी मी राजस्थानात होतो. पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे आमच्याकडे वाळूच्या वावटळी चालू असताना, आमचे एक सुभेदार साहेब दोन कोटेशनं घेऊन ऑफिसात आले. माण तालुक्यातला माणूस, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. थोरली मुलगी सिव्हिलच्या डिप्लोमाला. तिच्यासाठी कॉम्प्युटर घ्यायचा म्हणून फंडातून पैसे काढले होते. दोन्ही कोटेशनांत सगळं तेच: तोच प्रोसेसर, तोच डबा, तोच मॉनिटर. कार्डाचं नावसुद्धा तेच. फक्त एकात कार्डावर आठ जीबी मेमरी, दुसऱ्यात सोळा. फरक नऊ हजारांचा. आणि कार्डाची मूळ किंमत चाळीस हजारांच्या आसपास.

"दुकानदार म्हणतो, फौजी माणसं पुन्हा पुन्हा थोडीच घेणार? पुढचं बघून सोळाचंच घ्या. काय करू साहेब?"

"फौजी माणसं पुन्हा पुन्हा थोडीच घेणार" हे वाक्य मी छावणीच्या प्रत्येक बाजारात ऐकलं आहे. गाडी, फ्लॅट, विमा, सोफा, सगळं याच वाक्यावर विकलं जातं. आपण वर्षभर बाहेर असतो, घरच्यांसाठी काही करायचं राहून गेल्याची टोचणी मनात असते, आणि एकदा सुट्टीत किंवा निवृत्तीच्या वेळी हातात रक्कम येते. दुकानदाराला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

आता ही मेमरी म्हणजे नेमकं काय, ते साध्या हिशेबानं पाहू. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके असतात, म्हणजे वीस लाखांच्या थोडे वर. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले, तर एक अख्खं चित्र सुमारे ८.३ एमबीत मावतं. फोर-के पडदा घेतला तरी ३३ एमबी. जीबी नव्हे, एमबी. म्हणजे पत्र लिहायला, एक्सेल भरायला, सिनेमा बघायला, व्हिडिओ कॉलवर नातवाशी बोलायला आठ काय, नि सोळा काय, काडीचा फरक पडत नाही. मेमरी खरी खाल्ली जाते ती इतर गोष्टींनी: खेळातल्या भिंती, झाडं, चेहरे यांचे मोठमोठे पोत, त्रिमितीय प्रतिकृती रेंडर करताना त्यांचा सगळा डेटा, आणि आता एआयची मॉडेलं.

या मेमरीचा स्वभाव मात्र लक्षात घ्यायला हवा. ती पुरत नसली तर फार मोठा फरक पडतो. पुरत असली तर वरची सगळी नुसती पडून राहते. पाच जीबीचं काम आठ जीबीच्या कार्डावर जितक्या वेगानं होईल, तितक्याच वेगानं तेच काम सोळाच्या कार्डावर होईल. दुप्पट मेमरी म्हणजे दुप्पट वेग नव्हे. दुकानात मात्र सांगण्याची ढब अशी असते, की ऐकणाऱ्याला तसंच वाटावं.

लडाखमध्ये कंपनी कमांडर असताना हिवाळ्याआधीचा साठा भरण्याचं काम माझ्याकडे होतं. जोझिला बंद व्हायच्या आत सगळं वर पोचवायचं. पहिल्या वर्षी मी काय केलं? कमी पडायला नको म्हणून डबाबंद मालाची मागणी फुगवली. उरावर यायला नको, एवढंच माझं गणित. वसंतात मोजणी केली तेव्हा डब्यांची चळत तशीच उभी होती, आणि टॉर्चच्या बॅटऱ्या फेब्रुवारीतच संपल्या होत्या. डब्यांनी खेचरांच्या पाठीवरची जागा खाल्ली होती. सीओंनी मला एकच प्रश्न विचारला, "किती माणसं, किती दिवस, रोज किती, हे लिहून काढलं होतंस का?" नव्हतं काढलं. जास्त मागितलं म्हणजे सावध राहिलो, असं मला वाटत होतं. तो निव्वळ आळस होता.

ग्राफिक्स कार्डही असंच समजून घ्या. कार्डावरची चिप म्हणजे तोफ. मेमरी म्हणजे तिच्या मागचा दारूगोळ्याचा साठा. आणि या दोघांमध्ये एक वाट असते, तिला बँडविड्थ म्हणतात: सेकंदाला किती जीबी माल साठ्यातून तोफेपर्यंत पोचतो. दुकानदार साठा सांगतो. तोफ कुठली आणि वाट किती रुंद, हे विचारल्याशिवाय सांगत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० टीआय हे कार्ड २०२३ साली आलं. आठ जीबीचं मे महिन्यात ३९९ डॉलरला, सोळा जीबीचं जुलैत ४९९ डॉलरला. दोन्हीत तीच चिप, तितकेच ४३५२ कोअर. दोन्हीची बँडविड्थ तितकीच, सेकंदाला २८८ जीबी. शंभर डॉलर जास्त दिले ते फक्त गोदामाचे. तोफही तीच, वाटही तीच.

उलटे प्रकारही आहेत. जीटी १०३० नावाचं छोटं कार्ड आधी जीडीडीआर-५ मेमरीसह आलं, बँडविड्थ ४८ जीबी. मग २०१८ मध्ये त्याच नावानं डीडीआर-४ मेमरीचं आलं. साठा तोच, दोन जीबी. पण वाट १६.८ जीबीची, जवळपास एकतृतीयांश. २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० हे तीन जीबी आणि सहा जीबी अशा दोन रूपांत आलं. नावावरून वाटावं, फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात तीनवाल्यात कोअरही कमी होते, १२८० ऐवजी ११५२. म्हणजे कधी जादा पैशात फक्त गोदाम मिळतं, तर कधी नाव तेच ठेवून आतली तोफच बदललेली असते. डब्यावरच्या नुसत्या जीबीवरून यातलं काहीच कळत नाही.

मी स्वतः मेजर असताना असाच फसलो होतो. कँटोन्मेंटच्या बाजारात दोन कार्डं समोर होती. एकावर मेमरीचा आकडा दुसऱ्याच्या दुप्पट. मी ऐटीत दुप्पटवालं उचललं. घरी आल्यावर कळलं, की त्यावरची मेमरी जुन्या, संथ जातीची आहे. कमी जीबीचं दुसरं कार्ड खरं वेगवान होतं. दुकानदार खोटं काही बोलला नव्हता. मी विचारलंच नव्हतं.

आता विरोधी बाजूचं खरं तेवढं मान्य करतो. ग्रुपवरच्या बारांपैकी एकानं नेमका मुद्दा मांडला होता: "रॅम नंतर वाढवता येते, ग्राफिक्स मेमरी नाही. ती कार्डावर डाख देऊन बसवलेली असते." अगदी बरोबर. जोझिला बंद झाल्यावर वर काही पाठवता येत नाही, तसंच हे. आणि कमी पडली तर काय होतं तेही पाहा. काम कार्डाच्या मेमरीत मावलं नाही, की उरलेला डेटा कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये जातो आणि तिथून ये-जा करतो. ४०६० टीआयला त्यासाठी जी वाट असते ती सेकंदाला १६ जीबीच्या आसपास. कुठे २८८ आणि कुठे १६. अठरा पटींचा फरक. मग खेळ अडखळतो, नाहीतर काम 'मेमरी संपली' म्हणून बंदच पडतं. २०२३ मध्ये पीसीवर आलेल्या काही मोठ्या खेळांनी, उदाहरणार्थ 'द लास्ट ऑफ अस'च्या पहिल्या भागानं, सगळ्यात वरच्या सेटिंगला आठ जीबीच्या कार्डांची हीच गत केली होती.

घरच्या घरी एआय मॉडेल चालवणाऱ्यांचा हिशेब तर बोटांवर मोजण्याइतका सोपा आहे. सात अब्ज पॅरामीटरचं मॉडेल सोळा बिटांत ठेवलं, की १४ जीबी लागतात. आठच्या कार्डात ते मावणारच नाही. चार बिटांत दाबून बसवलं, तर साडेतीन जीबी आणि वर थोडी कामापुरती जागा. मग आठ पुरे. इथे सोळा घेणारा माणूस शहाणा, कारण त्याच्याकडे हिशेब आहे.

पण "नंतर वाढवता येत नाही" हे कारण अर्धंच आहे. डेस्कटॉपमध्ये कार्डावरची मेमरी वाढत नाही, तरी अख्खं कार्ड काढून दुसरं बसवता येतं. जुनं विकताही येतं. लॅपटॉपमध्ये बहुधा तेही नाही. म्हणून लॅपटॉप घेणाऱ्यानं या प्रश्नाला जास्त वेळ द्यावा. डेस्कटॉप घेणाऱ्यानं "पुढे लागेल" या दोन शब्दांना भुलू नये. पुढे लागेल तेव्हा पुढे घ्या. आज घेतलेल्या सोळा जीबींना तीन वर्षांनीही आजचीच तोफ जोडलेली असणार आहे.

भावाचं म्हणाल, तर त्याचं भाकीत कुणी करू नये. २०२५ च्या एप्रिलमध्ये ५०६० टीआय आलं तेव्हा आठ आणि सोळा यांतला फरक शंभर डॉलरवरून पन्नासावर उतरला होता, ३७९ आणि ४२९. त्याच वर्षाच्या अखेरीस जगभर मेमरीचे भाव भडकले. जे स्वस्त होईल म्हणून थांबले ते हळहळले. त्याआधी महाग होईल म्हणून घाईनं घेणारेही हळहळले होते. भावावर डोळा ठेवून निर्णय घेतला तर तो जुगार. कामावर डोळा ठेवून घेतला तर चूक झाली तरी छोटी होते.

आता सुभेदार साहेबांकडे परत येतो, कारण माझी खरी चूक तिथे झाली.

कोटेशनं बघून मी साहेबांसारखा निकाल देऊन टाकला. म्हटलं, "सिव्हिल डिप्लोमाला कार्ड लागतच नाही. दोन्ही फाडून टाका." ते "ठीक आहे साहेब" म्हणून वळले. दारापर्यंत गेले आणि थांबले. म्हणाले, "एकदा पोरीशी बोलता का? मला यातलं काही कळत नाही, आणि ती मला सांगत नाही." त्यांनी फोन लावून दिला.

पलीकडून आवाज आला, "काका, तुम्ही पहिलेच, ज्यांनी मला विचारलं."

दुकानदार, बाप, बापाचे मित्र आणि मी, अशा चार पुरुषांनी तिच्या कॉम्प्युटरचा निर्णय घेऊन झाला होता. आणि मीही स्वतःहून विचारलं नव्हतं. मला विचारायला लावलं होतं.

तिनं नीट सांगितलं. ऑटोकॅड, बहुतेक द्विमितीय नकाशे. थोडं क्यूजीआयएस. एक्सेल. खेळ नाही. घरी वीज वरचेवर जाते, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये एकदा दोन तासांचं ड्रॉइंग असं गेलं होतं. पडदा मोठा हवा, कारण नकाशा बघता बघता डोळे दुखतात. कोटेशनात यूपीएस नव्हता. मॉनिटर लहानातला लहान होता. ग्राफिक्सवर चाळीस हजार आणि वर नऊ, अन् वीज गेली की सगळं काम पाण्यात!

त्या रात्री मी ऑटोकॅडच्या गरजा काढून वाचल्या. २०२२ च्या आवृत्तीला किमान एक जीबी ग्राफिक्स मेमरी आणि २९ जीबी बँडविड्थ. शिफारस चार जीबी आणि १०६ जीबी बँडविड्थची. गंमत बघा, सॉफ्टवेअर बनवणारे साठ्याबरोबर वाटेची रुंदीही लिहितात. दुकानाच्या कोटेशनात ती कधी दिसत नाही. प्रोसेसरमध्येच असलेलं ग्राफिक्स वापरायचं, तर ते साध्या रॅमवर चालतं. डीडीआर-४ ३२०० रॅमची एकच पट्टी लावली, तर वाट २५.६ जीबीची, म्हणजे किमान गरजेच्याही खाली. तेवढ्याच जीबीच्या दोन पट्ट्या जोडीनं लावल्या, की ५१.२. त्यातला काही वाटा प्रोसेसर घेतो, तरी द्विमितीय कामाला पुरतं. दुकानदारानं सोळा जीबीची एकच पट्टी लिहिली होती. त्या जागी आठ-आठच्या दोन घ्यायला नाममात्र फरक होता.

शेवटी ठरलं ते असं: कार्ड नाही, पण कार्डाची खाच रिकामी आणि पुढे कार्ड बसलं तर पुरेल एवढा पॉवर सप्लाय. रॅमच्या दोन पट्ट्या. चांगली एसएसडी. सत्तावीस इंची मॉनिटर. यूपीएस. आणि तरीही हातात पंचवीसएक हजार उरले. सुभेदार साहेबांनी ते मुलीच्याच नावानं ठेवले.

आता ही गोष्ट मी आज का सांगतोय? ग्रुपवर तो वाद चालू होता त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट घेतला आहे रस्त्यावरच्या भेगा फोटोंवरून ओळखण्याचा. "काका, आता कार्ड लागेल. आणि सोळाचंच लागेल."

मी म्हटलं, "का?"

तिनं हिशेब वाचून दाखवला. कॉलेजच्या लॅबमध्ये आठ जीबीच्या कार्डावर मॉडेल शिकवायला घेतलं. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर डेडिकेटेड मेमरी काठोकाठ भरली, शेअर्ड मेमरी वर चढायला लागली, वेग पार मेला आणि शेवटी प्रोग्राम मेमरी संपल्याचं सांगून थांबला. फोटो लहान करून पाहिले. मग मावतं, पण केसाएवढ्या बारीक भेगा फोटो लहान केल्यावर दिसेनाशाच होतात, आणि शोधायच्या तर त्याच आहेत. इंटरनेटवरची फुकट सेवा वापरून पाहिली, गावातलं नेटवर्क मधेच तुटतं. कार्डाचे भाव चढले आहेत, हेही तिला माहीत होतं. बापाच्या त्या पंचवीस हजारांत पूर्ण भागणार नाही, उरलेले ती सुट्टीत एका सर्व्हेयरकडे काम करून जमवणार आहे.

म्हणजे दोन वर्षांपूर्वी सोळाचं कार्ड घेतलं असतं तर आज ते उपयोगी पडलं असतं, हे खरं. ग्रुपवर हे सांगितलं तर बाराही जण म्हणतील, बघ, आम्ही काय म्हणत होतो! पण मग त्या दोन वर्षांत यूपीएस नसता, मोठा पडदा नसता, आणि एकोणपन्नास हजारांची वस्तू डब्यात नुसती बसून असती. आणि तिनं भेगांचा प्रोजेक्ट घेतला नसता तर? अंदाज बरोबर आला म्हणजे निर्णय बरोबर होता, असं आपण युद्धाच्या अभ्यासातही मानत नाही.

मी तिला सांगितलं, "घे. सोळाचंच घे. बँडविड्थ विचारून घे."

"विचारली काका," ती म्हणाली.

निवृत्त होणाऱ्या, झालेल्या माझ्या सगळ्या वाचकांना एवढीच विनंती. दुकानात जाण्याआधी, ज्याच्यासाठी वस्तू घेताय त्याच्यापाशी किंवा तिच्यापाशी बसा. काम कुठलं, ते कागदावर लिहा. ते काम आजच कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर चालवून, मेमरी किती भरते ते टास्क मॅनेजरमध्ये डोळ्यांनी बघा. ती आठात मावत असेल, तर सोळाचे पैसे यूपीएसला, पडद्याला, नाहीतर पोराच्या फीला लावा. मावत नसेल तर बिनदिक्कत द्या. आणि कुणी म्हणालं, "फौजी माणसं पुन्हा पुन्हा थोडीच घेणार?" तर सांगा, की लागेल तेव्हा पुन्हा येऊ.

कोर्समेटला मी ग्रुपवर उत्तर दिलं: "मुलगा काय करणार आहे?" चार दिवस झाले. अजून उत्तर आलेलं नाही. कार्ड मात्र त्यानं घेतलंय. सोळाचं.

जय हिंद.